दोन वर्षांनी परत आले, तरी तेच!

दोन वर्षं डेटिंग अ‍ॅप बंद ठेवलं होतं. गेल्या महिन्यात पुन्हा सुरू केलं आणि पंधरा दिवसांत डोकं उठलं. अरे, काहीच कसं बदललं नाही? तोच पँगाँगच्या काठावरचा बुलेटवाला फोटो. तोच सहा मित्रांचा घोळका; यातला तू कोणता ते मी ओळखायचं? माहितीच्या जागी 'विचार ना'. काय विचारू? तीन ओळी लिहायला हात दुखतात?

मग 'हाय'. मग 'जेवलीस का?'. मी कामाबद्दल, सिंहगडाबद्दल नीट चार वाक्यं लिहायची आणि समोरून 'हम्म'!

एकाशी आठवडाभर रात्री बारापर्यंत बोलले. रविवारी सकाळी डेक्कनला भेटायचं ठरलं. कोथरूडहून वेळेत पोहोचले, चाळीस मिनिटं उभी राहिले, आणि हा गायब. थेट अनमॅच, म्हणजे अ‍ॅपवरून मला काढूनच टाकलं! 'नाही जमत' एवढे दोन शब्द टाइप करता येत नाहीत? समोर जिवंत माणूस आहे, तिची आठवड्यातली एकच सुट्टी आहे, कळत नाही?

मला खरंच कुणीतरी हवंय, म्हणून आलेय परत. तुम्हाला टाइमपासच करायचा असेल तर पहिल्याच दिवशी सांगा ना!