चित्र आपलं आपणच काढायचं
लेखात म्हटलंय की कोलिनर्जिक औषधं (असिटिलकोलिन या मज्जातंतूंच्या निरोप्यासारखा परिणाम करणारी) घोकण्यापेक्षा चित्रात बसवा, शंभर टक्के पटलं. मेडिकलच्या सेकंड इयरला माझं रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवर तो निरोप घेणाऱ्या जागांवर, नेहमी अडायचं, मग वहीच्या मागच्या पानावर तीन मजली वाडा काढला, दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत हळू चालणारं लंबकाचं घड्याळ म्हणजे एम२ रिसेप्टर, हृदयाचे ठोके मंद करणारा, आणि तिसऱ्यावर सगळे नळ चालू, लाळ, घाम, बाहुली बारीक, तो एम३. स्नायूंवरही असणारा निकोटिनिक रिसेप्टर म्हणजे आयन चॅनल, आयन जाण्याची वाटच ना, म्हणून तो थेट दिंडी दरवाजा, असिटिलकोलिन आलं की लगेच उघडतो.

खरा उपयोग इंटर्नशिपला झाला. फवारणीच्या दिवसांत ऑर्गॅनोफॉस्फेट या कीटकनाशकाची विषबाधा झालेला पेशंट आला, टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, तोंडाला फेस, दंडाचे स्नायू कातडीखाली वळवळत होते. ॲट्रोपिन या उताऱ्याच्या औषधाने छाती कोरडी झाली पण वळवळ थांबेना, आणि मला तो वाडाच दिसला, ॲट्रोपिन नळ बंद करतं, स्नायूंवरच्या दरवाजाला हात लावत नाही! त्यासाठी प्रॅलिडॉक्सिम हे दुसरं औषध, तेही लवकर, असिटिलकोलिन मोडणारं एन्झाइम आणि विष यांचा बंध पक्का व्हायच्या आत.

तयार चित्रं बरीचशी इंग्रजी शब्दांच्या कोट्यांवर चालतात, मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना आधी ती कोटीच समजून घ्यावी लागते, त्यापेक्षा आपल्या घरातलं काढा ना. असिटिलकोलिन मोडू न देणाऱ्या निओस्टिग्मीन या औषधाला मी उंबऱ्याबाहेर बसवलंय, चार्ज असल्यामुळे ते मेंदूत शिरत नाही. त्याच जातीचं फायसोस्टिग्मीन मात्र आत माजघरात, हातात धोतऱ्याचं काटेरी बोंड घेऊन, कारण धोतऱ्याच्या विषबाधेवर उतारा तेच.