‘वा ग्वान’ सगळ्यांना चालत नाही

‘जमैकात कुणीही भेटलं की बिनधास्त ‘वा ग्वान’ (म्हणजे ‘काय चाललंय’) म्हणा’, हा जमैकन बोलीवरच्या लेखातला सल्ला जरा जपून घ्यावा. क्रूझवर नोकरीला असताना आमचं जहाज जमैकातल्या ओचो रिओस बंदराला लागायचं. पहिल्याच खेपेला मी बाजारात फळं विकणाऱ्या एका आजींना ऐटीत ‘वा ग्वान’ म्हणालो. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि ठणकावून म्हणाल्या, ‘गुड मॉर्निंग!’ मी मुकाट्याने ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं, तेव्हा कुठे आंब्याचा भाव कळला. तिथे दुकानात शिरताना, शेअर टॅक्सीत बसताना आधी हे म्हणायचं, मग बाकीचं. ‘वा ग्वान’ बरोबरीच्यांत. आपण तरी शेजारच्या काकूंना ‘काय रे, कसं काय’ म्हणतो का? आणि हो, रात्री भेटल्यावरही ‘गुड नाइट’ म्हणतात. निरोपाला नव्हे, भेटल्याभेटल्या! मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, समोरचा मला कटवतोय.

पात्वा, म्हणजे ही जमैकन बोली, ‘मोडकं इंग्रजी’ आहे हे लेखातलं म्हणणं मात्र अजिबात पटलं नाही. एकाला ‘यू’ आणि अनेकांना ‘उनू’ हा फरक पात्वात आहे, आजच्या प्रमाण इंग्रजीत नाही. हा ‘उनू’ पश्चिम आफ्रिकेतल्या इग्बो भाषेतला. मग मोडकं कोण? निरोपाचं ‘लिकल मोर’ लेखात नुसतं ‘बाय’ म्हणून उरकलंय. त्याचा अर्थ थोड्या वेळाने पुन्हा भेटू. आपण निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो, अगदी तसंच.