मामांचा अंगठा

परवापासून माझ्या पणजोबांच्या वस्तऱ्यावर माझ्या मामेसासऱ्यांचा अंगठा उमटलेला आहे. अलंकारिक नाही, खराखुरा. पातं उजेडात तिरपं धरलं की त्यातल्या रेषाही दिसतात.

वस्तरा सापडला जुन्या पेटीच्या तळाशी. पाऊण इंच रुंदीचं पातं, शेपटीवर शेफील्डचा शिक्का आणि त्याखाली ‘इंग्लंड’. हा ‘इंग्लंड’ शब्द बघून मी दोन रात्री जागलो. १८९१ पासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव टाकणं सक्तीचं झालं, म्हणून ते नाव दिसलं की वस्तरा बहुधा त्यानंतरचा समजायचा. ही माहिती मी घरात सगळ्यांना सांगितली. कोणी मान वर केली नाही.

प्रश्न एवढाच होता की तो साफ किती करायचा. एका टोकाला तेलाचं बोट फिरवून गप्प बसणं, दुसऱ्या टोकाला घासून घासून आरसा करणं आणि मूठ नवी बसवणं. मधल्या जागेत मी तीन आठवडे उभा होतो. कारण दोन्ही बाजूंनी धोका आहे. तांबूस गंज ठेवला तर तो पोलाद खात राहतो. काळसर थर मात्र बिचारा निरुपद्रवी, उलट थोडंफार राखणच करतो. पात्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे होते. ते पाठीकडे असतील तर असू देत, पण धारेपर्यंत पोचले असतील तर तिथे धार टिकत नाही, तुटते. मशीनच्या चाकावर चमकवावा म्हटलं, तर हे कागदासारखं पातं क्षणात तापतं आणि दोनशे अंशांच्या आसपास गेलं की पोलादाचं पाणी उतरायला लागतं. त्यानंतर जी होईल तिलाच खरी बिनपाण्याची हजामत म्हणत असावेत.

शिवाय पाठ. वस्तऱ्याला धार लावताना पाठ आणि धार दोन्ही एकदम दगडावर टेकवतात, म्हणजे कोन आपोआप साधतो. पाठ जास्त घासली की कोनच बदलला. थोडक्यात, पणजोबांनी ज्याला रोज सकाळी सहज हातात घेतलं, त्याला हात लावायची माझी हिंमत होईना. १९०४ साली जिलेटसाहेबांना सेफ्टी रेझरचं पेटंट मिळालं आणि दाढीतली जोखीम संपली. मग आमच्यासारख्यांनी दुसरी शोधली.

शेवटी एका संध्याकाळी धीर करून हजार नंबरचा पॉलिश पेपर तेलात भिजवला आणि शेपटीजवळ नखाएवढी जागा घासली. खालून करडं, शांत पोलाद निघालं. मी ते कोरडं पुसलं आणि नुसता बघत बसलो. तेवढ्यात मामा आले.

मामांना कुठल्याही विषयातलं कळतं. त्यांना आजवर कोणी काही विचारलेलं नाही, कारण ते कोणी विचारायची वाटच बघत नाहीत.

“जावईबापू! हे काय चालवलंय?” असं म्हणून त्यांनी वस्तरा माझ्या हातातून काढून घेतला. “घासलात? अहो, पॅटिना घालवलात!”

“मामा, नखाएवढीच जागा आहे.”

“नख काय नि हात काय! काळाने चढवलेला रंग आहे तो. माणसाने त्याला हात लावू नये. जे जसं म्हातारं झालंय, तसंच सुंदर दिसतं.”

हे वाक्य ज्या मिशीखालून आलं, ती मिशी बुटाच्या पॉलिशसारखी काळीभोर होती. रंग कातडीलाही थोडा लागला होता. मी त्या मिशीकडे बघितलं, मग बायकोकडे बघितलं. बायकोने डोळ्यांनीच “खबरदार” म्हटलं.

“आणि मूठ हस्तिदंताची,” मामा म्हणाले.

“सेल्युलॉइड असावं. घासलं की कापराचा वास येतो. सेल्युलॉइडमध्ये कापूर असतो.”

“पेटीत कपड्यांत ठेवला असेल कोणीतरी कापूर.”

“पण मामा, जुनं सेल्युलॉइड कुजलं की त्यातून आम्लाची वाफ निघते. मुठीत झाकलेल्या भागावरच गंज जास्त आहे, बघा.”

“हस्तिदंतही कुजतो,” मामा म्हणाले आणि विषय संपला. त्यांचे विषय असेच संपतात, समोरचा दमल्यावर.

पुढे पाऊण तास त्यांनी मला जतन आणि जीर्णोद्धार यांतला फरक समजावला. समजावताना वस्तरा त्यांच्याच हातात होता. प्रत्येक मुद्द्याला अंगठा पात्यावर दाबला जात होता, आणि बरोबर त्याच घासलेल्या जागेवर, जिथे आता ना थर होता ना तेल. उकाडा होता. मामांना घाम येतो. “मामा, तेवढं पातं...” मी दोनदा म्हणालो. दोन्ही वेळा “ऐका आधी” झालं. मोठ्या माणसांचं ऐकताना आपल्या वस्तू त्यांच्या हातात का असाव्या लागतात, हे मला चाळीस वर्षांत उमगलेलं नाही. आणि ते गेल्यावर लगेच तेल लावायचं सोडून मी रागारागाने झोपायला गेलो, हेही खरं.

सकाळी ठसा उमटला होता. नारिंगी, सुबक, मधोमध भोवरा. घामातल्या मिठाने रात्रभरात काम फत्ते केलं होतं.

मी फोन लावला. शक्य तितक्या नम्रपणे सांगितलं की मामा, तुमचा अंगठा इथेच राहिलाय, पॉलिश पेपरने काढतोय.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग मामा हळवे झाले.

“काढू नका, जावईबापू. राहू द्या. आमची आठवण.”

बायको म्हणते, राहू दे. पुढच्या महिन्यात ते पुन्हा यायचे आहेत, आणि आल्या आल्या आधी वस्तराच बघायला मागतील.