युनियनमुळे दवाखाना बुडतो म्हणणाऱ्यांना

संभाजीनगरातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'दवाखान्यात युनियन आली की संप, आणि संपात पेशंटचे हाल. दवाखाना म्हणजे कारखाना नव्हे, तिथे कामगार कायदा चालत नाही. आणि मालकासोबत चहा पिणारी युनियन तर विकलेलीच.' इथल्याच एका खासगी दवाखान्यात मी 14 वर्षं सिस्टर आहे, युनियनची सभासद आहे. म्हणून उत्तर देते.

आधी संपाचं. 14 ते 20 मार्च 2023 ला जुन्या पेन्शनसाठी सरकारी कर्मचारी राज्यभर संपावर गेले, त्यात सरकारी सिस्टरही होत्या. जालना-बीडहून इथल्या घाटी या सरकारी दवाखान्यात येणाऱ्यांना झळ बसली, हे मी नाकारत नाही. पण ती मागणी मंत्रालयाकडे होती. घाटीच्या अधिष्ठात्यांनी मनात आणलं असतं तरी त्यांना ती मान्य करता आली नसती. दवाखान्यातल्या दवाखान्यात सुटणारे प्रश्न वेगळेच असतात.

आमच्याकडे सुया टाकायचा डबा वॉर्डाच्या पार टोकाला, सिंकखाली असायचा. नाईटला तीस पेशंट, दोन सिस्टर. सुई ट्रेमध्येच राहायची आणि कापसाबरोबर कचऱ्यात जायची. एका पहाटे सफाईच्या मावशींनी पिशवीचं तोंड आवळलं आणि सुई ग्लोव्हमधून थेट अंगठ्यात घुसली. हात नळाखाली धरून त्या म्हणाल्या, "सिस्टर, इनचार्जला सांगू नका, काढून टाकतील." कंत्राटी होत्या. एचआयव्हीपासून बचावाचं औषध शक्यतो दोन तासांत सुरू व्हायला हवं, आणि मावशी गप्प राहायला बघत होत्या.

युनियनने व्यवस्थापनाकडे दर महिन्याची बैठक मागितली. पहिली बैठक चूक कुणाची यातच संपली. दुसरीच्या आधी मॅनेजर साहेब स्वतः नाईटला येऊन डब्यापर्यंतची पावलं मोजून गेले. आता डबा ड्रेसिंग ट्रॉलीलाच असतो. सुई टोचल्याचं सांगणाऱ्यावर कारवाई नाही, हे लेखी ठरलं. कंत्राटी मावशी-मामांनाही हिपॅटायटिस बी ची लस मिळाली. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी ही जबाबदारी दवाखान्यावरच टाकली आहे, तरी बैठक होईपर्यंत कुणी विचारलं नव्हतं. यात पेशंटचं काय बुडालं?

कायद्याचं म्हणाल तर, दवाखानाही 'उद्योग' ठरू शकतो हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्येच सांगितलं. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेने मुख्यत्वे धर्मादाय काम करणाऱ्या संस्था वगळल्या आहेत, नफ्यावर चालणारे दवाखाने नाहीत. शंभर किंवा जास्त कामगार असतील तिथे दोन्ही बाजूंची समिती नेमायला सरकार सांगू शकतं. ही तरतूद 1947 च्या कायद्यापासून आहे.

'विकलेली' हा शब्द मात्र लागतो. अमेरिकेत कैसर पर्मनंटे या रुग्णालय समूहाचा तिथल्या युनियनांशी 1997 पासून भागीदारीचा करार आहे. तरीही ऑक्टोबर 2023 मध्ये तिथले 75 हजारांवर कर्मचारी तीन दिवस संपावर गेले. सोबत बसलं म्हणून संपाचा हक्क कुणी गहाण टाकत नाही. आमच्या प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त दोघांच्या सह्यांनी पंचिंग मशीनशेजारी लागतं, कुणीही वाचावं. रात्री साडेनऊला सुटणाऱ्या मुलींना घरी सोडायला गाडी हवी, या मागणीपुढे गेल्या महिन्यात 'अमान्य' लिहिलंय. पुढच्या बैठकीत तोच विषय पहिला आहे.