गॅस, पेट्रोल आणि गोल्फ क्लब: त्या सात कलमी मेसेजला उत्तर

‘गोल्फ क्लब घरीच दुरुस्त करा, दुकानदाराला एक रुपयाही देऊ नका’ अशा मथळ्याचा सात कलमांचा मेसेज सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. माझ्या मेव्हण्याने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘रविवारी करून बघू का?’ त्याच्या घरात गोल्फ क्लबचा, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्यांचा, जुना सेट आहे, गॅसची शेगडी आहे आणि दोन लहान मुलंही आहेत. म्हणून एका शब्दात ‘नको’ न म्हणता कलमवार लिहितोय. ज्यांना तो मेसेज आलाय त्यांना हेही पाठवा.

मेसेज म्हणतो: एक, हेड (चेंडूला लागणारा खालचा भाग) गॅसवर धरून तापवा आणि पकडीने पिळून काढा, शाफ्ट (क्लबचा दांडा) कुठलाही असो. दोन, शाफ्ट झटपट गोंदाने बसवा आणि तासाभरात खेळायला जा. तीन, ग्रिप (रबरी मूठ) पेट्रोल ओतून चढवा. चार, आयर्न (धातूच्या चपट्या हेडचा क्लब) व्हाइसमध्ये (घट्ट आवळणाऱ्या शिकंज्यात) धरून पाइपने वाकवा, लॉफ्ट (चेंडूला लागणाऱ्या बाजूचा मागे झुकलेला कोन) कमी झाला की चेंडू लांब जातो. पाच, फेसवरच्या (चेंडूला लागणाऱ्या बाजूवरच्या) खाचा तिकोनी कानशीने धारदार करा. सहा, ड्रायव्हरच्या (सगळ्यात लांब फटक्याच्या क्लबच्या) शाफ्टला दोन इंचांचा लाकडी जोड द्या. सात, हेडला शिशाची पट्टी चिकटवा.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. ग्रिप बदलणं, स्टील शाफ्टच्या आयर्नचं हेड काढून पुन्हा बसवणं, लांबी कमी करणं, वजनात थोडा फरक करणं ही कामं घरी उत्तम होतात. त्यांना मोठी यंत्रं लागत नाहीत आणि हा छंद फार छान आहे. पण मेसेज लिहिणाऱ्याने क्लब म्हणजे एक अखंड लोखंडी काठी धरली आहे. प्रत्यक्षात त्यात पोलाद, टायटॅनियम, कार्बन फायबर, प्लास्टिक, इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारा गोंद) आणि रबर एकमेकांना जोडलेले असतात, आणि एकाला सोसणारी उष्णता दुसऱ्याला सोसत नाही.

आता पहिलं आणि तिसरं कलम एकत्र घेतो, कारण ती दोन्ही एकाच स्वयंपाकघरात, एकाच दुपारी करायला सांगितली आहेत. इथे क्लब बिघडण्याचा प्रश्न दुय्यम आहे, माणूस भाजण्याचा पहिला.

हेड आणि शाफ्ट इपॉक्सीने जोडलेले असतात. ती साधारण १०० ते १५० अंश सेल्सिअसच्या टापूत मऊ पडते आणि तिची पकड सुटते. गॅसची ज्योत १,५०० अंशांच्या वर असते. एवढ्या आगीत होजल, म्हणजे हेडची शाफ्ट बसवायची नळी, धरलं की आधी फेरूल, म्हणजे होजलच्या तोंडाशी असलेली काळी प्लास्टिकची कडी, वितळून पेटते. मग क्रोमचा रंग जातो. पोलाद सुमारे २३० अंशांना पिवळसर आणि ३०० च्या आसपास निळं पडतं. होजलवर निळी झाक दिसली, तर गरजेच्या दुप्पट तापमान कधीच ओलांडलेलं असतं. इपॉक्सी जळताना निघणारा धूर बंद खोलीत घेण्यासारखा नसतो, हे वेगळंच.

‘शाफ्ट कुठलाही असो’ हे त्या मेसेजमधलं सगळ्यात चुकीचं वाक्य. ग्राफाइट शाफ्टमध्ये कार्बनचे तंतू रेझिनने एकत्र धरलेले असतात. ज्योतीने ते रेझिनच खराब होतं, आणि त्यात पकडीने पीळ दिला की आतले थर एकमेकांवरून सरकतात. बाहेरचा रंग जसाच्या तसा राहू शकतो. शाफ्ट मोडतो तो नंतर, होजलच्या तोंडाशी, भर स्विंगमध्ये. म्हणून ग्राफाइट कधी पिळायचा नाही. तो सरळ रेषेत ओढून काढायचा, आणि त्यासाठी स्क्रू फिरवून हेड पुढे ढकलणारा शाफ्ट पुलर लागतो. पुलर नसेल तर हे काम घरी करू नका. हल्लीच्या काही पोकळ आयर्नमध्ये फेसच्या मागे पॉलिमर भरलेलं असतं आणि बऱ्याच ड्रायव्हरचा वरचा भाग कार्बनचा, गोंदाने बसवलेला असतो. ही हेडं ज्योतीवर धरणं म्हणजे ती फेकून देणं. शिवाय ज्या ड्रायव्हरला होजलमध्ये स्क्रू आहे, त्याचं हेड काढायला उष्णता लागतच नाही. सोबत मिळालेल्या टॉर्क पान्याने स्क्रू सोडवायचा, परत लावताना पाना क्लिक करेपर्यंत आवळायचा.

स्टीलच्या आयर्नसाठी बरोबर पद्धत अशी. शाफ्ट रबरी जबड्यात धरून व्हाइसमध्ये आवळा. रबर नसेल तर आवळू नका, पातळ नळी चेपते. फेरूल कापून काढा. हिटगनचा (गरम हवा फेकणाऱ्या यंत्राचा) झोत होजलभोवती सारखा फिरवत ठेवा. एक-दोन मिनिटं बहुधा पुरतात. जाड चामड्याचे हातमोजे घालून हेड हलकेच पिळा. सुटलं नाही तर जोर वाढवायचा नाही, अजून थोडं तापवायचं. खिडक्या उघड्या ठेवा.

आता पेट्रोल. पेट्रोलने ग्रिप सर्रकन चढते, हे खरं आहे, आणि म्हणूनच ही सवय टिकून आहे. पण पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्याही खाली पेट घेऊ शकते. म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही ऋतूत, कुठल्याही खोलीत, उघडं पेट्रोल ठिणगीची वाट बघत असतं. ती वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि पलीकडच्या शेगडीपर्यंत, फ्रिजच्या स्विचपर्यंत पोचते. एका हाताला शेगडी पेटवायची आणि दुसऱ्या हाताने पेट्रोल ओतायचं, हे लिहिणाऱ्याच्या लक्षात कसं आलं नाही, हे मला खरंच कळत नाही. पेट्रोलमध्ये बेंझिन असतं, ते त्वचेतूनही शरीरात जातं. रबर त्याने फुगतं आणि ग्रिप चिकट होते.

रंगाच्या दुकानात मिळणारं मिनरल टर्पेंटाइन हेच काम करतं. तेही ज्वालाग्राही आहे, पण साधारण ३५-४० अंशांच्या पुढे. म्हणून ज्योतीपासून लांब, सावलीत आणि वाऱ्यावर वापरायचं. ज्यांना तेही नको त्यांच्यासाठी पाण्याने सुटणारी टेप मिळते. कृती सोपी आहे. जुनी ग्रिप आकडी पात्याच्या चाकूने, पातं शाफ्टपासून बाहेर ठेवून कापा. ग्राफाइटवर सरळ पातं चालवलं तर तंतू कापले जातात. जुनी टेप पूर्ण खरवडा. दोन इंच रुंदीची दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावा, टोकाशी अर्धा इंच जास्त ठेवून ती नळीत दाबा. ग्रिपच्या टोकाचं भोक बोटाने बंद करून आत टर्पेंटाइन घ्या, हलवा आणि तेच टेपवर ओता. मग एका दमात ग्रिप शेवटपर्यंत ढकला. मध्ये थांबलात की ती तिथेच अडकते. खुणा सरळ करायला जेमतेम मिनिटभर मिळतं. रात्रभर वाळू द्या. नवी ग्रिप घेण्याआधी शाफ्टच्या वरच्या टोकाचा व्यास मोजा: ०.५८० इंचाच्या शाफ्टवर आतून ०.६०० ची ग्रिप बारीक बसते. जाड हवी असेल तर खाली मास्किंग टेपचे वेढे द्या. एका वेढ्याने साधारण १/६४ इंच जाडी वाढते.

दुसरं कलम, झटपट गोंद. ड्रायव्हरचं हेड सुमारे २०० ग्रॅमचं असतं आणि सामान्य हौशी खेळाडूच्या हातातही ते ताशी १५० किलोमीटरच्या आसपास वेगाने फिरतं. ते सुटलं तर कुणाच्या दिशेने जाईल हे सांगता येत नाही. झटपट गोंद ठिसूळ असतो, धक्का सोसत नाही, आणि शाफ्ट व होजल यांच्यातली फट भरून काढत नाही. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ६० अंशांच्या पुढे तापमान जातं, तिथे तो आणखी कमजोर होतो. पाच मिनिटांत सेट होणारी दोन नळ्यांची इपॉक्सीही इथे चालत नाही. गोल्फ शाफ्टसाठीची, सावकाश सेट होणारी इपॉक्सीच घ्या.

त्यात खरं काम गोंदापेक्षा तयारीचं असतं. होजल आतून तारेच्या ब्रशने साफ करा, जुनी इपॉक्सी एक कणही ठेवू नका. स्टील शाफ्टच्या टोकावरचं चकचकीत क्रोम ८० नंबरच्या पॉलिश पेपरने पूर्ण घालवा. चकचकीत राहिलेल्या ठिकाणी इपॉक्सी धरत नाही. ग्राफाइटवर फक्त रंग काढा, काळे तंतू दिसले की थांबा. दोन्ही भाग अ‍ॅसिटोनने पुसा आणि नंतर बोट लावू नका. पावसाळ्यात टोकावर दमटपणा धरतो, ते नीट कोरडं होऊ द्या. इपॉक्सी लावण्याआधी कोरडा शाफ्ट घालून तो होजलच्या तळापर्यंत जातो का ते बघा आणि तिथे खूण करा. आयर्नचे शाफ्ट दोन मापांचे असतात: टोकाकडे निमुळता ०.३५५ इंचाचा आणि सरळ ०.३७० इंचाचा. ०.३७० च्या होजलमध्ये ०.३५५ चा शाफ्ट डुगडुगतो. ती फट मधे शिम, म्हणजे पातळ नळी, घालून भरायची असते, जास्त इपॉक्सी ओतून नाही. दोन्ही भाग डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात मिसळा, टोकाला आणि होजलच्या आत दोन्हीकडे लावा, फिरवत बसवा, बाहेर आलेली पुसा. हेड खाली ठेवून २४ तास उभं करा, नाहीतर इपॉक्सी शाफ्टमध्ये उतरते आणि नंतर आत खडखडते. थंडीत त्याहून जास्त वेळ द्या.

चौथं कलम. लॉफ्ट कमी केला की चेंडू लांब जातो, हे अर्धं खरं. पण लॉफ्ट एक अंश कमी केला की बाउन्सही (क्लबच्या तळाचा जमिनीशी असलेला कोन) एक अंश कमी होतो आणि क्लबची पुढची कड जमिनीत घुसायला लागते. शिवाय एखादा आयर्न दोन अंश ‘लांब’ केला की त्याच्या खालच्या, जास्त लॉफ्टच्या क्लबशी असलेलं अंतर वाढतं आणि मधल्या टप्प्यासाठी हातात काहीच राहत नाही. वाकवता काय येतं, तेही मेसेज सांगत नाही. मऊ कार्बन स्टीलचं फोर्ज्ड (घडीव) हेड नीट वाकतं. ओतीव ४३१ स्टेनलेस थोडं वाकतं, १७-४ स्टेनलेस हट्टी असतं. स्वस्त सेटमधलं झिंकच्या मिश्रधातूचं हेड सरळ तडकतं. लोहचुंबक चिकटत नसेल, तर त्या हेडला हात लावू नका. वाकवण्याजोगं असलं तरी दोन अंशांच्या पुढे जाऊ नका, आणि लॉफ्ट आणि लाय (शाफ्टचा जमिनीशी असलेला कोन) मोजणाऱ्या गेजशिवाय तर मुळीच नको. व्हाइस आणि पाइप वापरून किती वाकलं हे डोळ्यांना कळत नाही; फेसवर जबड्यांचे वण मात्र कायमचे राहतात. हे एक काम दुकानात करा, तिथे त्यासाठीचं यंत्र असतं.

पाचव्या आणि सहाव्या कलमाला उत्तर द्यायला मला माझं मत लागत नाही. आर अँड ए आणि यूएसजीए या खेळाचे नियम करणाऱ्या दोन संस्था आहेत आणि साधनांचे त्यांचे नियम त्यांच्या संकेतस्थळांवर फुकट वाचता येतात. खाचांची रुंदी ०.०३५ इंचापर्यंत, खोली ०.०२० इंचापर्यंत. दोन खाचांमधलं अंतर रुंदीच्या तिपटीपेक्षा कमी नको आणि ०.०७५ इंचापेक्षाही कमी नको. २०१० पासूनच्या नियमाप्रमाणे २५ अंश आणि त्यावरच्या लॉफ्टच्या क्लबवर खाचेच्या कडाही ठरावीक गोलाईच्या असाव्या लागतात. कानशीचा एक फटका ०.०३५ इंच कधी ओलांडतो ते हाताला कळणारच नाही. नेहमीच्या वापराने खाचा झिजल्या तर तो क्लब नियमबाह्य ठरत नाही, पण तुम्ही कोरून बदलल्या तर ठरू शकतो. आणि नियमबाह्य क्लबने स्पर्धेत एक जरी फटका मारला तरी बाद. वर क्रोम निघालेल्या जागी मुंबईच्या खाऱ्या हवेत गंज चढतो. जुन्या खाचा साफ करायला नरम ब्रश, साबणाचं पाणी आणि लाकडी टी (चेंडू ठेवायची खुंटी) पुरतं.

लांबीची मर्यादा पटर (चेंडू भोकात ढकलायचा क्लब) सोडून ४८ इंच. २०२२ पासून वरच्या स्पर्धांसाठी ४६ इंचांचा स्थानिक नियम लावायची मुभाही आहे. मर्यादेत राहूनही दोन इंच वाढवणं चुकीचंच. अर्ध्या इंचाने स्विंगवेट (फिरवताना हेड किती जड लागतं त्याचं माप) साधारण तीन अंकांनी वाढतं. म्हणजे दोन इंचांनी डी-२ चा क्लब ई-४ वर जातो (डी-९ नंतर ई-० येतो). तो हातात जड लागतो, उशिरा येतो, आणि फेसच्या मधोमध लागणारे फटके कमी होतात. जोड द्यायचाच असेल तर अर्धा ते एक इंच, शाफ्टच्या आतल्या मापाचा तयार प्लग घेऊन, इपॉक्सीने. लाकडाचा जोड ग्रिपखाली फुटतो.

सातवं कलम ठीक आहे. अर्धा इंच रुंदीच्या शिशाच्या पट्टीचे चार इंच म्हणजे सुमारे दोन ग्रॅम, आणि हेडवरच्या दोन ग्रॅमने स्विंगवेट एक अंक वाढतं. पट्टी फेरी सुरू होण्याआधी लावा. फेरी चालू असताना क्लबचा गुणधर्म मुद्दाम बदलता येत नाही. शिसं विषारी आहे, हात धुवा आणि उरलेले तुकडे मुलांच्या हाती लागू देऊ नका.

ज्यांनी मेसेज वाचून आधीच काम केलंय, त्यांनी ते क्लब आज बॅगेतून बाहेर काढा. फेरूल आणि होजल यांच्यात केसाएवढी फट दिसली, हेड दोन्ही हातांनी धरून उलटसुलट पिळल्यावर किंचित हललं, किंवा हळू आपटल्यावर कट्‌ असा आवाज आला, तर जोड सुटतोय. स्टीलचा असेल तर वरच्या पद्धतीने पुन्हा बसवा. ग्राफाइट शाफ्ट ज्योतीवर तापवून काढलेला असेल, तर त्याच्यावर काहीही दिसत नसलं तरी तो परत बसवू नका.