कोड पार्टचं नाव सांगत नाही

मोबाइलवर सध्या एक मेसेज फिरतोय. ‘चेक इंजिनचा दिवा लागला की ब्लूटूथ स्कॅनर लावा, कोड वाचा, तो सांगेल तो पार्ट बदला. पी०१७१ म्हणजे ऑक्सिजन सेन्सर गेला. कोड पुसला की दोष गेला. आणि दिवा लागलाच नाही तर गाडी ठणठणीत.’ स्कॅनर जवळ असावा, याबद्दल वाद नाही, माझ्याकडेही आहे. पुढचं मात्र पटत नाही.

‘कोड सांगेल तो पार्ट.’ कोड म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदवलेला दोषाचा क्रमांक. पी०३०३ घ्या. याचा अर्थ तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर (इंधन नीट पेटलं नाही), एवढाच. संगणक सिलिंडरच्या आत डोकावत नाही, तो क्रँकशाफ्टचा, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याचा, वेग मोजतो. क्रँकसोबत फिरणाऱ्या चाकाला दाते असतात (बऱ्याच गाड्यांत ६० दात्यांच्या जागा, त्यातल्या दोन मुद्दाम रिकाम्या) आणि समोरचा सेन्सर प्रत्येक दाता कधी गेला ते टिपतो. चार सिलिंडरच्या इंजिनात दर अर्ध्या फेरीला एका सिलिंडरची पाळी येते. ३००० आरपीएमला ही अर्धी फेरी १० मिलिसेकंदांत होते. एखाद्याने पाळी चुकवली की क्रँकला धक्का मिळत नाही, ती अर्धी फेरी किंचित रेंगाळते आणि त्या सिलिंडरच्या नावे नोंद होते. पाळी का चुकली, हे क्रँकला कुठून कळणार? प्लग झिजलेला असो, प्लगला ठिणगीची वीज देणारी कॉइल गेलेली असो, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर चोंदलेला असो की व्हॉल्व नीट बसत नसो, रेंगाळणं सारखंच.

माझ्याच गाडीत हा कोड आला तेव्हा पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइल आपसांत बदलल्या. कॉइल दोषी असती तर कोड पी०३०१ (पहिल्या सिलिंडरचा) झाला असता. झाला नाही. प्लगही आपसांत बदलून पाहिले, तरी कोड जागचा हलेना. मग इंजेक्टर आपसांत बदलले आणि मिसफायर पहिल्या सिलिंडरवर गेला. मेसेज वाचून थेट नवी कॉइल आणली असती, तर चांगली कॉइल भंगारात गेली असती आणि गाडी तशीच अडखळत राहिली असती.

‘पी०१७१ म्हणजे ऑक्सिजन सेन्सर गेला.’ हा तर बातमी आणणाऱ्यालाच चोर ठरवण्याचा प्रकार. कोड म्हणतो, मिश्रणात हवा जास्त आहे. पेट्रोल पुरतं जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते. धुरात ऑक्सिजन उरलेला दिसला की सेन्सर कळवतो आणि संगणक इंधन वाढवतो. या वाढीला फ्युएल ट्रिम म्हणतात. ती साधारण २५ टक्क्यांच्या आसपास जाऊनही भागलं नाही, की संगणक हात टेकतो आणि कोड लिहितो. सेन्सर क्वचित खोटं बोलतोही, पण बहुतेकदा दोष दुसरीकडे असतो. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) ट्रिम जास्त आणि २५०० आरपीएमला खाली येत असेल, तर इनटेकमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गात) कुठून तरी हवा घुसतेय असं समजा. उलट लोड वाढेल तशी ट्रिम चढत असेल, तर फ्युएल पंप किंवा फिल्टरकडे बघा. हे आकडे साध्या स्कॅनरवरही दिसतात, पण मेसेजात त्यांचा उल्लेखच नाही.

यात एक गंमत आहे. सेन्सरला पेट्रोल दिसत नाही, फक्त ऑक्सिजन दिसतो. मिसफायर झालेल्या सिलिंडरमधली हवा न वापरताच बाहेर पडते, सेन्सर ‘हवा जास्त’ म्हणतो आणि आधीच न जळलेलं पेट्रोल फेकणाऱ्या इंजिनाला संगणक आणखी पेट्रोल पाजतो! म्हणून दोन्ही कोड एकत्र आले तर मी आधी मिसफायरच्या मागे लागतो.

‘कोड पुसला की दोष गेला.’ दोष जात नाही, पुरावा जातो. कोडसोबत त्या क्षणाचा वेग, लोड आणि इंजिनचं तापमान साठवलेलं असतं. तेही पुसलं जातं. आधी त्याचा फोटो काढा.

‘दिवा नाही म्हणजे गाडी ठणठणीत.’ बरेच दोष गाडी लागोपाठ दोनदा चालवताना दिसल्याशिवाय दिवा लागतच नाही. पहिल्यांदा कोड नुसता ‘पेंडिंग’ राहतो. ट्रिम १५ टक्क्यांवर अडकली असेल तर तोही येत नाही.

दिवा लुकलुकायला लागला तर मात्र स्कॅनर शोधत बसू नका. न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतंय आणि त्या उष्णतेने तो आतून वितळू शकतो, असा त्याचा अर्थ. मिसफायर किती झाले याचा हिशोब संगणक क्रँकच्या २०० फेऱ्यांवर करतो, म्हणजे ३००० आरपीएमला अवघे चार सेकंद. ॲक्सिलरेटर सोडा आणि गाडी बाजूला घ्या.