दीड इंच

दर संकष्टीला सकाळी नऊच्या सुमारास आम्ही दाभोळच्या जेटीवर येतो. फेरीबोटीने खाडी ओलांडून धोपाव्याला उतरायचं आणि हेदवीच्या दशभुज गणपतीला जायचं, असा नेम. बोट आपला लोखंडी फळीचा जबडा जेटीला लावते. रिक्षा आत जाते, दूधवाला जातो, चिऱ्याने भरलेला टेम्पोसुद्धा कण्हत कण्हत जातो. आमची गाडी पुढची चाकं जबड्यात घालते, मागची जेटीवर ठेवते आणि मधोमध सायलेन्सर टेकवून बसकण मारते. खलाशी वाकून बघतो. बायको उतरते, गाडी बोटभर वर येते. मी उतरलो तर दोन बोटं येईल, पण मग चालवणार कोण?

गाडी १९७२ ची एमजीबी, म्हणजे ब्रिटिश स्पोर्ट्स कार. दोन सीट, कापडी छप्पर, १७९८ सीसीचं इंजिन. काका जहाजावर होते, त्यांनी हौसेने आणली आणि जाताना माझ्या गळ्यात घातली. तिला आवाज आहे, रूप आहे, पण पोट भुईला लागलेलं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या नियमाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. आमच्या वाडीतला गतिरोधक एका रात्रीत उरलेल्या सिमेंटचा झालाय. तो रुंदीला पायरीएवढा आणि उंचीला ज्याचं सिमेंट उरलं त्याच्या रागाएवढा आहे.

सस्पेन्शन सुधारावं म्हणून वाचायला बसलो. या गाडीवर जगभर लिहिणारे लोक आहेत आणि सगळ्यांचा सल्ला एकच: गाडी इंचभर खाली घ्या, स्प्रिंगा कडक घाला, वळणावर गाडी झुकू न देणारा अँटी-रोल बार जाडा लावा. या मंडळींचे रस्ते कॅरमच्या बोर्डासारखे असणार. माझी गाडी आणखी इंचभर खाली घेतली तर चाकं नुसती शोभेला उरतील.

मग एक गोष्ट कळली आणि रात्रभर झोप लागली नाही. अमेरिकेत बंपर किती उंचीवर हवेत याचा नियम आला, म्हणून १९७४ मध्ये कंपनीने याच गाडीला काळे रबरी बंपर लावले आणि अख्खी गाडी दीड इंच वर उचलली. ती वळणावर जास्त झुकायला लागली, म्हणून शौकीन लोक तेव्हापासून आजतागायत बोटं मोडतायत आणि पदरचे पैसे घालून ते दीड इंच काढून टाकतायत. टाकतायत! कुणी ते पार्सलने दापोलीला का पाठवत नाही?

शेवटी मिस्त्रीकडे गेलो. त्याने बॅटरी घेतली, गाडीखाली सरकला आणि बराच वेळ आतून काही आवाज नाही. मग नुसता प्रश्न आला, "सायेब, हिला शॉक हायतच कुठं?"

शॉक आहेत, पण आपण ओळखतो तसे नळीचे नाहीत. बँकेच्या काचेच्या दाराला वर तेलाची डबी आणि एक हात असतो ना, तसले. चाक वर गेलं की हात फिरतो, आतला दट्ट्या तेलाला बारीक भोकातून ढकलतो, धक्का विरतो. पुढच्या बाजूला तर चाकाला धरून ठेवणारा वरचा दांडा, म्हणजे विशबोन, हा शॉकचाच हात. त्यामुळे ते काढून नळीचे बसवायचे, तर पुढची निम्मी रचना बदलावी लागते. बँकेत एकतीस वर्षं काढली, पण त्या दाराकडे इतक्या आपुलकीने कधी पाहिलं नव्हतं. मिस्त्रीने बोटाने तेल पुसून वास घेतला. म्हणाला, "दार आपटतंय, कारण डबीत तेलच नाय." बुलेटच्या फोर्कचं तेल भरलं. त्या दिवसापासून गाडी खड्ड्यातून गेल्यावर एकदाच हलते. आधी पुढच्या गावापर्यंत मान डोलवायची.

सांध्यांत बसणाऱ्या बुशांवरून दोन दिवस वाद. पॉलियुरेथेनचे घातले तर गाडी रेल्वेसारखी रुळावर चालते म्हणतात, पण कुरकुरतात आणि रस्त्यातला प्रत्येक खडा मणक्याला कळवतात. आम्ही याच गाडीच्या थोरल्या भावंडाचे, एमजीबी जीटी व्ही-८ वाले, रबराचे घातले. मागचे स्प्रिंगचे पाटे बसून सपाट झाले होते. टेम्पोचं एक पान वाढवू, असं मिस्त्रीचं मत. रिकामा टेम्पो कसा उडतो ते मी कशेडी घाटात टेम्पोच्या मागे राहून पाहिलंय, म्हणून नको म्हटलं. पाट्यांना नव्याने कमान मारून घेतली. मागून गाडी छान उचलली आणि पुढून देवाला दंडवत घालायला लागली. हेडलाइटचा सगळा उजेड चार हातांवरच्या खड्ड्यात.

पुढच्या स्प्रिंगांवर घालायच्या चकत्या हर्णैच्या लेथवाल्याने नायलॉनमधून काढून दिल्या. एरवी तो ट्रॉलरची कामं करतो. "बोट केवढी आहे?" एवढंच त्याने विचारलं. स्प्रिंग विशबोनच्या साधारण मध्यावर बसते, म्हणून तिथे अर्धा इंच घातला की चाकाशी जवळजवळ इंचभर मिळतो. व्याजाचा असा दर आमच्या बँकेने कधी दिला नाही.

हे सगळं होईतो पाच संकष्ट्या गेल्या. बायकोचं मोजमाप वेगळं आहे. अभिषेकाच्या दुधाची किटली ती मांडीवर धरते आणि देवळाच्या दारात झाकण उघडून दूध गळ्यापासून किती बोटं उतरलं ते बघते. पूर्वी चार बोटं उतरायचं, उरलेलं साडीवर. आता दीड.

सहाव्या संकष्टीला जेटीवर आलो. बायको उतरलीच नाही. पुढची चाकं गेली, मधे नुसतं 'खर्र' झालं, मागचीही गेली. मी खाली उतरून खलाशाकडे बघितलं. कौतुकाची अपेक्षा होती, खोटं कशाला बोलू.

"खर्च किती आला काका?"

सांगितला.

तो बराच वेळ खाडीकडे बघत राहिला. "आज चतुर्थी ना? तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चाराची पाऊणपट तीन. तीनला भरती. तुम्ही येता नऊला, दर महिन्याला, भर ओहोटीत. फळी उभी असते तेव्हा. तीनला आलात तर फळी सपाट, नांगरसुद्धा आत जाईल."

"मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हाला मजा येत असेल."

बायको गाडीत किटली धरून समोर बघत बसली होती. धोपावं येईपर्यंत तिने मान वळवली नाही, पण किटलीतलं दूध हलत होतं. बोट तर अजिबात हलत नव्हती.